दीड आणि अडीच

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण सगळं क्रमाने सांगत गेलो तर वाचणाऱ्याला वाटेल की वारा बदलला, गडबड झाली, कोणाचाच इलाज नव्हता. वारा बदलला हे खरं. पण मला सांगायचा होता तो आकडा 'अडीच' होता आणि मी 'दीड' म्हणालो. बोलण्याच्या ओघात अशी चूक कोणाचीही होते. तेवढंच असतं तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण नंतर मला विचारलं गेलं तेव्हा मी सांगितलं की मी 'अडीच'च म्हणालो होतो. लिहायचं कारण ते आहे.

मी गिरगावातला. वडिलांनी आयुष्यभर कारकुनी केली, मी विमा कंपनीत अधिकारी झालो. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा मित्र लालबागचा. त्याच्या आजोबांनी मालवणकडून येऊन मिरच्यांच्या गल्लीत मसाल्याचं दुकान टाकलं, ते आता तो चालवतो. पुढे गल्ला आणि मिरच्यांची पोती, मागे मसाला कुटायचे डंके. उन्हाळ्यात ते डंके सुरू झाले की दुकानात समोरासमोर उभं राहूनही ओरडून बोलावं लागतं. आमची ओळख कॉलेजातली, एनसीसीतली. दोघांनाही परेडचा कंटाळा आणि रायफलची आवड. पुढे नोकरी, दुकान, लग्नं, मुलं यांतून सवड काढून आम्ही एका रायफल क्लबात जात राहिलो, आणि चाळिशीनंतर लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या नादी लागलो.

ही नेमबाजी टीव्हीवर दिसते तशी नसते. मोकळ्या माळावर पालथं झोपायचं, रायफलला दुर्बीण नाही, फक्त एका बारीक भोकातून, म्हणजे साईटमधून, बघायचं. लक्ष्य हजार यार्डांवर. लालबागच्या बाजारातून परळच्या दिशेने दहा-बारा मिनिटं चालावं तेवढ्या अंतरावर. मुंबईत तेवढी जागा कुठून मिळणार? आम्ही परवानगी काढून घाटावरच्या एका लष्करी रेंजवर जायचो. एवढ्या अंतरात गोळीला वारा ढकलतो. म्हणून सांघिक स्पर्धेत गोळी मारणाऱ्याच्या मागे एक जण बसतो. तो दुर्बिणीतून वाऱ्याची निशाणं, म्हणजे काठ्यांवरचे झेंडे, बघतो, जमिनीवरून उठणाऱ्या झळा कुठे वाहतायत ते बघतो, आणि रायफलची साईट किती सरकवायची ते सांगतो. काही संघांत तोच हात पुढे करून साईटचं बटण फिरवतो. आमच्यात तसं नव्हतं. मी आकडा सांगायचो आणि माझा मित्र बटण फिरवायचा.

साईटचं माप मिनिटात असतं. हे घड्याळाचं मिनिट नव्हे. हजार यार्डांवर एक मिनिट म्हणजे गोळी साधारण एक वीतभर इकडची तिकडे. आणि त्या मिनिटाचे चार भाग असतात. सुरुवातीला आम्ही इंग्रजीत बोलायचो. 'लेफ्ट वन अँड थ्री क्वार्टर्स' एवढं तोंडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत वारा दुसरीकडे गेलेला असायचा. एकदा तो वैतागून उठून बसला.

"पावणेदोन म्हण की रे," तो म्हणाला. "माझ्याकडे गिऱ्हाईक काय वन अँड थ्री क्वार्टर्स मिरची मागतं?"

त्या दिवसापासून आम्ही दुकानातले शब्द वापरायला लागलो. डावी पाव, उजवी पाऊण, डावी सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. एकेका शब्दात काम. बाकीचे हसायचे. संघाचे कप्तान निवृत्त फौजी, उत्तरेकडचे. ते म्हणायचे की या दोघांच्या मागे उभं राहिलं की भाजी बाजारात आल्यासारखं वाटतं. पण आमचे गुण चांगले यायला लागले तसं हसणं थांबलं आणि आमच्या जोडीला संघात कायमची जागा मिळाली. आमचे ते शब्द दुसऱ्या कोणाला नीट कळत नव्हते, याचा मला पुढे फायदा झाला. फायदा हाच शब्द बरोबर आहे.

इंग्लंडला जायचं ठरलं तेव्हा दोघांच्याही घरी आधी थट्टाच झाली. पन्नाशीच्या तोंडावर स्वतःच्या खर्चाने परदेशी जाऊन पालथं झोपायचं, हे माझ्या बायकोने तिच्या माहेरी फोनवर ज्या शब्दांत सांगितलं ते इथे देत नाही. रायफल विमानातून न्यायची तर परवान्यांचं मोठं लचांड असतं. पोलीस, कस्टम, विमान कंपनी, तिकडचं पोलीस खातं, सगळ्यांचा होकार हवा. काडतुसं वेगळी, बोल्ट वेगळा, रायफल कुलपाच्या लांब पेटीत. ती पेटी घेऊन तो दुकानाच्या वरच्या माळ्यावरून उतरत होता तेव्हा शेजारच्या मंडळाच्या एकाने विचारलं, "काका, बेंजो पार्टीत लागलात काय?" त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हो, येत्या विसर्जनाला तुमच्याकडेच वाजवणार आहे, सुपारी तयार ठेवा. विमानतळावर पोचेपर्यंत आम्ही त्यावर हसत होतो.

तिकडची रेंज जुनी. लांबच लांब हिरवळ, दोन्ही बाजूंना काठ्यांवर निशाणं, मागे लाकडी खोल्या आणि चहाची टपरी म्हणावी असं एक घर. माणसं विरलेली जाकिटं घालून, हळू आवाजात बोलत हिंडत होती. आपल्याकडे कुठलीही स्पर्धा म्हटली की लाऊडस्पीकर लागतो, इथे फक्त बंदुकीचा आवाज, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्हाला दोघांत एक खोली होती. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली होती. पहिल्या दिवशी त्याने ती पावाबरोबर काढली आणि पलीकडच्या खोलीतल्या म्हाताऱ्या गोऱ्याने दार वाजवून विचारलं की काही जळतंय का. मित्राने त्यालाही पावावर घालून दिली. म्हाताऱ्याने खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

वैयक्तिक स्पर्धेत माझ्या मित्राची गोळी सुरेख चालली. माझी बेताची. मी नेमबाज म्हणून बेताचाच आहे. माझी खरी लायकी वारा वाचण्याची, आणि त्या आठवड्यात कप्तानांनी मला बाजूला घेऊन सांगितलंही होतं की पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेसाठी संघाचा मुख्य वारा वाचणारा म्हणून ते माझा विचार करतायत. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

सांघिक सामना शेवटच्या दिवशी होता. दुपारनंतर डावीकडून वारा सुटला होता, हळू पण एकसारखा. माझा मित्र आमच्या संघातला शेवटचा नेमबाज. तो झोपला होता, त्याच्या कानांत बोळे. मी त्याच्या खांद्यामागे बसून दुर्बिणीत डोळा घालून होतो आणि त्याच्या कानाशी वाकून बोलत होतो. तिसऱ्या जागेसाठी आमची आणि दुसऱ्या एका संघाची झुंज चालली होती हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी दीड सांगत होतो, तो दीडवर मारत होता, आणि गोळी मधोमध जात होती.

मग वारा वाढला. मी तो दुर्बिणीत स्पष्ट पाहिला. झळा आडव्या झाल्या, लांबची निशाणं ताठ झाली. मनात मी म्हटलं, अडीच. आणि तोंडाने म्हणालो, "डावी दीड."

बोललो आणि माझं बोलणं मला ऐकू आलं. तो तेव्हा गालाला रायफल लावून श्वास सोडत होता. 'थांब' म्हणायला वेळ होता. खूप नव्हता, पण एका शब्दापुरता होता. मी म्हटलं नाही. मला वाटलं, कदाचित वारा पुन्हा पडेल. खरं सांगायचं तर तेवढंही काही वाटलं नाही, मी नुसता गप्प बसलो. गोळी सुटली. खूण लावायला लक्ष्य खाली गेलं आणि वर आलं तेव्हा खूण उजवीकडे बाहेर, तीन गुणांच्या कड्यात होती. पाचाऐवजी तीन. पुढच्या गोळीला मी बरोबर आकडा सांगितला आणि बाकीच्या सगळ्या मधोमध गेल्या. शेवटी आमची तिसरी जागा एका गुणाने गेली.

कप्तान रागावणारे गृहस्थ नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की त्या गोळीला काय झालं, आकडा काय दिला होता. मित्राने लगेच सांगितलं की याने दीड सांगितलं, मी दीडवर मारली. तो तक्रार करत नव्हता. नुसतं घडलेलं सांगत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझ्या डोक्यात पुढच्या वर्षीचा विचार होता की नव्हता हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

"अडीच म्हणालो रे," मी म्हणालो. "तुला ऐकू आलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. कानातला एक बोळा काढून हातात धरला. मला वाटलं तो भांडेल. आम्ही इतकी वर्षं भांडत आलो होतो, साध्या साध्या गोष्टींवरून, एसटीच्या वेळेवरून, वडापावातल्या चटणीवरून. पण तो थोडा वेळ त्या बोळ्याकडेच बघत राहिला.

"असेल," तो म्हणाला. "डंक्यांनी कान गेले असणार माझे."

कप्तानांना त्याचं भाषांतर करून सांगितल्यावर सगळे हसले. मीही हसलो. माझ्यावरचं संकट त्याने स्वतःच्या हाताने उचलून स्वतःवर घेतलं होतं आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. परतीच्या प्रवासात तो खिडकीशी बसून झोपला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. मुंबईत उतरल्यावर सांगू, असं ठरवलं. सामानाच्या पट्ट्यापाशी वहिनींचा फोन आला, रायफलच्या पेट्या कस्टमला दाखवायच्या राहिल्या, आणि मग टॅक्सी आली.

काही महिन्यांनी कप्तानांचा फोन आला. पुढच्या वर्षीसाठी माझं नाव पक्कं होतं. माझ्या मित्राबद्दल ते म्हणाले की नेमबाज उत्तम आहे, पण वाऱ्याचा आकडा ऐकूच आला नाही तर काय उपयोग. कानांची तपासणी करून घ्यावी, मग बघू. हे त्याला मीच सांगावं असंही त्यांचं म्हणणं पडलं, मित्र म्हणून. मी सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे त्यांचं.

आमच्या घरचा वर्षाचा मसाला त्याच्याच डंक्यावर होतो. त्या उन्हाळ्यात मी बायकोबरोबर मिरच्या भाजून घेऊन गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, डंके चालू होते, सगळ्यांना शिंका येत होत्या. एका बाईने गल्ल्याशी येऊन दीड किलो बेडगी मागितली. ठसठशीत आवाजात. मलाही लांबून ऐकू आलं.

"दीड की अडीच?" माझ्या मित्राने विचारलं.

"दीड म्हटलंय."

त्याने एक बोट वर केलं आणि दुसरं अर्धं मोडून धरलं. असं ना, म्हणून विचारलं. ती बाई बरोबरच्या बाईकडे बघून म्हणाली, "यांका आता हातवारे करून सांगूचा लागतला." दुकानात हशा झाला. तोही हसला. नंतरच्या गिऱ्हाइकाला त्याने तेच विचारलं, आणि त्याच्या नंतरच्यालाही. मसाल्याच्या दुकानात दिवसभर हेच शब्द चालतात, पाव, सव्वा, दीड, अडीच. इतकी वर्षं तो हे आकडे न बघता ऐकत आणि तोलत आला होता. आता प्रत्येक आकड्याला बोटं वर करत होता.

वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं ते मी ऐकलं. घरात मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी यांना बाहेरच्या खोलीत ऐकू येतं, आणि दुकानात मात्र बहिरे. टीव्हीचा आवाजही वाढवलेला नाही. काय समजायचं? माझी बायको म्हणाली, सगळे पुरुष असेच. दोघी हसल्या. मी आमचा मसाला घेऊन बाहेर येऊन उभा राहिलो.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, तिची मला जास्त लाज वाटते. बाहेरून मागवून मी त्याला कानावर लावायची एक चांगली जोडी आणून दिली, बंदुकीचा आवाज आत येऊ न देणारी पण माणसाचं बोलणं स्वच्छ ऐकवणारी. महाग असते ती. त्याने ती कानांवर चढवून बघितली, काढली, आणि पेटीत नीट ठेवली.

"बरं झालं तू त्या दिवशी तोंडावर सांगितलंस," तो म्हणाला. "घरचे बोलत नाहीत. मला कळलंच नसतं."

मी म्हणालो, असू दे रे.

पुढच्या वर्षी मी पुन्हा इंग्लंडला गेलो. माझ्या जोडीला दुसरा नेमबाज होता, पंजाबचा, वयाने बराच लहान, चांगला मुलगा. त्याला मी इंग्रजीत आकडे सांगायचो. काही चुकलं नाही. तीच हिरवळ, तीच निशाणं, आणि तो पलीकडच्या खोलीतला म्हाताराही भेटला. त्याने माझ्या मित्राची चौकशी केली. मी सांगितलं की त्याच्या कानांचा त्रास आहे. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं त्या माणसाशीही मी खोटंच बोललो. तो म्हणाला, या खेळात तसं होतं.

परत आलो तेव्हा कळलं की माझ्या मित्राने गल्ल्यावर बसणं सोडलंय. पुतण्या बसतो. तो स्वतः मागे मिरच्या निवडताना दिसायचा नाहीतर घरीच असायचा. रायफल क्लबात तर तो कधीचाच येत नव्हता. वहिनींनी मला फोन केला. परळच्या एका इस्पितळात कानाची मोठी तपासणी करायची आहे, यंत्र बसवायचं आहे, सीझनमुळे मला दुकान सोडता येत नाही, आणि हे एकटे गेले तर डॉक्टर काय म्हणाले तेही यायचं नाही कळून. भाऊजी, तुम्ही जाल का?

गेलो. गिरगावातून बस घेतली. तो इस्पितळाच्या दाराशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. आत एक काचेची खोली होती, तिच्यात त्याला बसवलं. तपासणारी मुलगी पंचविशीतली होती. आधी तिने बारीक आवाज ऐकवले, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मग म्हणाली की आता मी शब्द बोलेन, काका, तुम्ही ते परत म्हणायचे. मी काचेच्या बाहेर खुर्चीवर बसलो होतो. ती तोंडासमोर कागद धरून माइकमध्ये शब्द म्हणत होती. पाणी. भाजी. शाळा. तो शब्द म्हणायचा आणि काचेतून माझ्याकडे बघायचा. बरोबर आला का, हे विचारायला. मी मान हलवायचो. मग तो पुढच्या शब्दाला तयार व्हायचा.

पाच-सहा शब्दांनंतर मुलगी थांबली आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही जरा त्यांच्याकडे पाठ करून बसा. ते तुमच्याकडे बघून ठरवतायत."

मी पाठ केली. समोर भिंत होती. पाठीमागे तिचा शब्द यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग त्याचा आवाज. चाचरत, पण शब्द बरोबर. सगळेच बरोबर.

बाहेर आल्यावर तिने त्याला समजावून सांगितलं की अगदी बारीक, चिरके आवाज थोडे कमी ऐकू येतात, पण या वयात आणि डंक्यांच्या आवाजात राहणाऱ्याला ते यायचंच. बोललेलं सगळं ऐकू येतंय. यंत्राची काही गरज नाही. त्याला ते पटेना. तो म्हणाला की मला दीडचं आणि अडीचचं ऐकायला चुकतं. तिला गंमत वाटली. तिने त्याला पुन्हा आत बसवलं आणि अगदी हळू आवाजात, उलटसुलट क्रमाने ते दोनच शब्द म्हटले. मी अजून भिंतीकडेच तोंड करून होतो. त्याचं एकही उत्तर चुकलं नाही.

"हे दोन शब्द कानाला जवळचे नाहीतच," ती म्हणाली. "अडीचचं दीड असं कोणाला ऐकू येत नाही सहसा. समोरचाच चुकून बोलला असेल."

"नाही हो," माझा मित्र म्हणाला. "कानात बोळे होते माझ्या. आणि हा खोटं कशाला सांगेल?"

दोन वर्षं जी वाक्यं जुळवत होतो त्यातलं एकही आठवलं नाही. मी उठून त्याच्याकडे तोंड केलं.

"मी दीडच म्हणालो होतो," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी त्याची समजूत घालतोय. नको रे, असं म्हणायला त्याने हात वर केला आणि तो तसाच राहिला. मुलीने कागद गोळा केले आणि रिपोर्ट आणते असं सांगून ती आत गेली. मी बोलायला लागलो. कप्तानांनी मला पुढच्या वर्षाबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, सगळे माझ्याकडे बघत होते, तोंडातून निघून गेलं, नंतर सांगणार होतो, विमानतळावर सांगणार होतो. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी त्याला काही सांगत नव्हतो, स्वतःची बाजू मांडत होतो.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"तेव्हाच. गोळी सुटायच्या आधी."

आम्ही एकमेकांशी मराठीच बोलतो, साधी. मालवणी तो घरी बोलतो आणि गल्लीतल्या जुन्या माणसांशी. माझ्याशी तो कधी मालवणी बोललेला नाही.

"मगे तेव्हाच कित्याक नाय सांगलंस?" तो म्हणाला.

तो बाहेर पडून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसला. बाजूला एक म्हातारी आणि तिची सून, पलीकडे कानाला पट्टी बांधलेला एक माणूस. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. बाकावर जागा होती, पण बसावंसं वाटेना. कप्तानांना हे माहीत आहे का, एवढंच त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, फोन लाव.

मी तिथेच लावला. त्यांना हिंदीत सगळं सांगितलं, आकडा, गोळी, त्यानंतरचं खोटं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले की संघात माझी जागा राहील असं मी धरून चालू नये. त्यांना माझ्या मित्राशी बोलायचं होतं. मी फोन पुढे केला. त्याने मानेनेच नाही म्हटलं. नंतर बोलतील, असं सांगून मी फोन बंद केला.

फोन झाला म्हणजे झालं असं मला क्षणभर वाटलं. मग कळलं की मी कप्तानांना सांगितलं, त्याला अजून काहीच म्हटलं नव्हतं. तो खाली बघत होता. बाजूची म्हातारी आमच्याकडे बघत होती. ती ऐकत असली तर ऐकू दे, असं ठरवून मी बोललो.

"आकडा चुकला त्याची माफी मागत नाही, तो कोणाचाही चुकला असता. चूक मी तुझ्या कानांवर ढकलली. दोन वर्षं तुला स्वतःला बहिरा समजू दिलं, आणि वर तू माझे आभार मानलेस तेही ऐकून घेतले. त्याची माफी मागतो. मला माफ कर."